डोळ्याच्या पडद्याचं माप : आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

मोजमापांच्या इतिहासावरची ही आपली मालिका मी रायपूरच्या शंकर नगरमधल्या माझ्या घरातून करते, हे नेहमीच्या प्रेक्षकांना ठाऊक आहे. आतापर्यंत आपण तराजू पाहिला, तापमापक पाहिला, रक्तदाबाचं यंत्र पाहिलं. आज डोळ्याच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची गोष्ट. हा विषय कधीतरी घ्यायचाच होता. बरेच दिवस टाळला, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

मी तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलांच्या हातात व्हर्निअर कॅलिपर द्यायचा आणि सांगायचं, आधी लघुतम माप काढा, मग शून्य त्रुटी बघा, आणि नंतरच वाचन घ्या. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही २०११ साली एका कागदावरचा आकडा मी आईच्या तोंडच्या शब्दापेक्षा खरा मानला.

२०१० च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आई तेव्हा ७४ वर्षांची होती. रक्तदाब जुना. नागपूरहून येणारं मराठी वर्तमानपत्र आमच्याकडे दुपारी पोचायचं आणि आई ते अक्षरशः पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची. एक दिवस म्हणाली, "उजव्या डोळ्यापुढे तेलाचा डाग पडल्यासारखं दिसतंय गं." तपासणीत निघालं की पडद्यातली एक लहान शीर तुंबली आहे. तिथून रक्त आणि पाणी झिरपून पीतबिंदूला, म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो तिला, सूज आली होती. त्या दिवशी घरात एक नवा शब्द आला, ओसीटी. कागदावर रंगीत वर्तुळ होतं आणि मधोमध आकडा होता, ४१२ मायक्रॉन. इंजेक्शनं झाली. दोन इंजेक्शनांनंतर आकडा २६८ वर आला. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

हा आकडा येतो कुठून, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा डॉक्टरला नीट दिसायला लागला तो १८५१ पासून. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप बनवला, त्याच्यावरची त्याची पुस्तिका त्या वर्षी आली. त्याआधी १८४७ च्या सुमारास चार्ल्स बॅबेज यानेही असंच एक उपकरण करून एका नेत्रवैद्याला दाखवलं होतं, पण त्यातून काही निष्पन्न झालं नाही. हेल्महोल्ट्झच्या उपकरणामुळे शरीर न उघडता डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्या बघता आल्या. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांइतकाच हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनाही या पडद्यात रस होता आणि आजही आहे.

पण दिसणं वेगळं, मोजणं वेगळं. पहिली काही दशकं डॉक्टर जे दिसेल ते हाताने रंगवत. व्हिएन्नाच्या एडुआर्ट फॉन येगरने १८६९ मध्ये काढलेला चित्रसंग्रह अजून नावाजला जातो. चित्र कितीही सुंदर असलं तरी ते काढणाऱ्याच्या हातावर अवलंबून. १८८६ मध्ये इंग्लंडात जॅकमन आणि वेबस्टर या दोघांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो छापून आणला. त्यासाठी अडीच मिनिटं कॅमेरा उघडा ठेवावा लागला होता, आणि तो माणसाच्या डोक्यालाच बांधला होता. अडीच मिनिटं डोळा न हलवता बसून बघा, म्हणजे त्या फोटोत काय दिसलं असेल याची कल्पना येईल.

फोटो आले, तशी मोजण्याची ओढ लागली. पण डोळ्याच्या आत पट्टी कशी घालणार? मग डॉक्टरांनी पडद्यावरचीच एक खूण पट्टी म्हणून धरली. दृष्टिनाडी जिथून डोळ्यात शिरते ती गोल चकती, म्हणजे ऑप्टिक डिस्क. तिचा व्यास दीड मिलिमीटर मानायचा आणि बाकी सगळं "एक डिस्क", "अर्धी डिस्क" असं सांगायचं. आपल्याकडे वीत आणि हात होते ना, तसंच हे. अडचणही तीच. माझी वीत आणि तुमची वीत सारखी नसते. एकाच्या डिस्कचं क्षेत्रफळ दुसऱ्याच्या दुप्पट भरतं, आणि त्यात काही आजार नसतो. शिवाय डोळा लांबट असेल, चष्म्याचा नंबर मोठा असेल, तर फोटोतला आकार लहानमोठा होतो. पट्टीच प्रत्येकाची वेगळी, आणि ती बघायची भिंगही प्रत्येकाचं वेगळं.

यावर एक शक्कल निघाली. रक्तवाहिनीची रुंदी मायक्रॉनमध्ये सांगण्याऐवजी धमनी आणि शीर यांच्या रुंदीचं गुणोत्तर घ्यायचं. दोन्ही एकाच फोटोत असल्याने भिंगाची चूक वर आणि खाली दोन्हीकडे सारखी येते आणि कटते. १९७४ मध्ये पार आणि स्पिअर्स यांनी अशा अनेक फांद्यांच्या रुंदी एकत्र करायचं सूत्र दिलं. १९९९ मध्ये हबर्ड आणि सहकाऱ्यांनी ते संगणकाच्या मदतीने मोठ्या लोकसंख्येवर वापरलं, आणि २००३ मध्ये नडसन यांनी ते सुधारून सोपं केलं. माझ्यासारख्या भौतिकशास्त्राच्या बाईला ही युक्ती फार आवडते. पण तिचीही किंमत आहे. गुणोत्तर कमी झालं तर धमनी आकसली की शीर फुगली, हे त्यातून कळत नाही. आणि फोटोत दिसतो तो नळीतल्या रक्ताचा स्तंभ. नळीची भिंत पारदर्शक असते, ती दिसतच नाही. त्यातही शीर हृदयाच्या ठोक्यासरशी किंचित फुगते-आकसते. फोटो नेमका कोणत्या क्षणी निघाला, त्यावर माप थोडं बदलतं.

रक्तदाबाच्या रोग्यांचे पडदे तपासून कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी १९३९ मध्ये चार पायऱ्या ठरवल्या होत्या. चौथ्या पायरीचा रोगी ओळखायला कोणाला अडचण येत नाही. पण पहिली आणि दुसरी पायरी वेगळी करताना दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, आणि एकाच डॉक्टरचं सकाळचं आणि संध्याकाळचं मत जुळेलच असंही नाही. मंडळी, या सगळ्या इतिहासात हीच खोच परत परत येते. जिथे आजार ठळक आहे तिथे मोजायची फारशी गरज नसते. जिथे मोजायची खरी गरज असते, तिथेच माप डळमळतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. २००६ ते २००८ या काळात नागपूरच्या डॉ. विनय नांगिया यांच्या संस्थेने जर्मनीच्या डॉ. योस्ट योनास यांच्यासोबत नागपूरजवळच्या आठ खेड्यांत मोठी पाहणी केली. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी. तीस वर्षांवरच्या ५,८८५ माणसांपैकी ४,७११ जण तपासणीला आले, म्हणजे शंभरातले ऐंशी. शेतात राबणाऱ्या माणसांनी एवढ्या संख्येने डोळे तपासून घेणं ही मला स्वतःला मोठी गोष्ट वाटते. पडद्याचे फोटो काढले गेले, डोळ्याची लांबी मोजली गेली, रक्तदाब, उंची, वजन नोंदलं गेलं. शीर तुंबण्याचा आजार खेड्यात किती आहे, हेही त्यातून तपासलं गेलं. याचं महत्त्व असं, की यंत्राने "नॉर्मल" म्हटलं की आपण विचारायला हवं, कोणाच्या तुलनेत? ओसीटीच्या एका गाजलेल्या यंत्रातला मूळ तुलनासंच २८४ निरोगी माणसांचा होता, आणि त्यात भारतीय म्हणून नोंदलेली माणसं अगदी मोजकी. कागदावरचा हिरवा रंग म्हणजे "तुम्ही त्या २८४ जणांसारखे आहात", एवढंच. आपल्या माणसांचं नॉर्मल काय, ते आपल्याच गावांत जाऊन मोजावं लागतं.

आता ओसीटी. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स' नियतकालिकात डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांचा लेख आला. पडद्यावर अवरक्त प्रकाश सोडायचा आणि वेगवेगळ्या थरांवरून परत येणारा त्याचा प्रतिध्वनी टिपायचा, ही कल्पना. विहिरीत दगड टाकून खोली अजमावतो तसं, फक्त इथे खोली मिलिमीटरच्या काही भागाएवढी. त्या पहिल्या लेखात पडदा आणि हृदयाची रक्तवाहिनी, दोन्ही शरीराबाहेर तपासलेले होते. पाच वर्षांत यंत्र बाजारात आलं. २००२ चं स्ट्रेटस नावाचं यंत्र जगभर पोचलं.

या यंत्राची जाडी मोजायची झटपट पद्धत बघा. ते पीतबिंदूतून जाणाऱ्या सहा रेघा मारायचं, चाकाच्या आऱ्यांसारख्या, प्रत्येक सहा मिलिमीटर लांब. प्रत्येक रेघेवर १२८ ठिकाणी मोजायचं. एकूण ७६८ ठिपके. सेकंदाला ४०० च्या वेगाने त्याला जवळजवळ दोन सेकंद लागायचे. कडेला दोन आऱ्यांमध्ये दीड मिलिमीटरपर्यंत अंतर राहायचं आणि ती मधली जागा यंत्र अंदाजाने भरायचं. कागदावरचं ते सुंदर रंगीत वर्तुळ बरंचसं असं भरलेलं असायचं. २००६ नंतर आलेली नवी यंत्रं सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा मोजू लागली. तेवढ्याच चौकोनात ६५ हजारांवर ठिपके आले.

पण जाडी म्हणजे दोन रेषांमधलं अंतर. वरची रेषा पडद्याच्या पृष्ठभागावर, खालची कुठे? जुनं यंत्र खालची रेषा प्रकाशपेशींच्या एका चकाकत्या थरावर धरायचं, नवी यंत्रं त्याच्याही खालच्या थरावर. एक जण खोलीची उंची सतरंजीपासून मोजतो आणि दुसरा फरशीपासून, तसं झालं. त्यामुळे एकच डोळा, तोच दिवस, आणि जुन्या-नव्या यंत्रांत साधारण साठ-सत्तर मायक्रॉनचा फरक.

आमच्या घरी हेच घडलं. त्या हिवाळ्यात आई माझ्या भावाकडे नागपूरला गेली. तिथे तपासणी झाली. भावाने फोनवर सांगितलं, "ताई, ३३९ आलाय." मी कागदावर वजाबाकी केली. ७१ ने वाढ, सव्वीस टक्के! मधुमेहाने पीतबिंदूला आलेल्या सुजेवर जुन्या यंत्राने केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात २००७ मध्ये सांगितलं होतं की मधल्या भागाची जाडी ११ टक्क्यांहून जास्त बदलली तरच तो बदल बहुधा खरा, त्याच्या आतला फरक यंत्राचाही असू शकतो. इथे तर दुपटीहून जास्त. रात्रभर झोप नाही. सकाळी नागपूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधीचा रिपोर्ट कोणत्या मशीनवरचा आहे?" तो कागद बघून ते हसले. आईचा डोळा होता तसाच होता. सतरंजी आणि फरशी, एवढंच.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि मनाशी धडा गिरवला, यंत्र बदलायचं नाही. धडा बरोबर होता, पण अर्धाच होता.

मार्चमध्ये आई रायपूरला परतली. पुन्हा त्याच जुन्या यंत्रावर तपासणी. आकडा आला १९४. निरोगी डोळ्यात त्या यंत्रावर २१२ च्या आसपास येतो, वीस इकडे-तिकडे. म्हणजे सूज पार उतरली. रिपोर्ट घेऊन आम्ही घरी आलो. चार दिवसांनी आई म्हणाली, "अगं, ओळीतलं मधलं अक्षर कोणीतरी खातंय."

मी काय म्हटलं असेन? म्हटलं, "आई, आकडा बघ की. छान आहे. मोतीबिंदू वाढत असेल." आई गप्प बसली. मुलगी शिकलेली, त्यातून भौतिकशास्त्र शिकवणारी. तिने परत विषय काढला नाही.

दोन महिन्यांनी पुढची तारीख होती. तपासणीच्या खोलीत एक नवी मुलगी लागली होती. तिने रंगीत वर्तुळ बाजूला सारलं, मूळ सहा रेघांची चित्रं एकेक करून उघडली, आणि मला हाक मारली, "मॅडम, लाइन गलत पकडी है मशीन ने." पडद्यावर मला स्पष्ट दिसलं. पीतबिंदूत पाण्याच्या पोकळ्या होत्या. खालची पांढरी रेषा तळापर्यंत न जाता एका पोकळीच्या काठावरच अडकली होती. यंत्राने अर्धीच जाडी मोजली होती. तिने मार्चची चित्रंही काढून दाखवली. तिथेही तेच. आणि मार्चच्या कागदावर खाली कोपऱ्यात छापलं होतं, सिग्नल स्ट्रेंथ ३, दहापैकी. मोतीबिंदूमुळे प्रकाशच नीट पोचत नव्हता. तो आकडा माझ्या हातात दोन महिने होता. मी बघितला नव्हता. ज्या बाईने तीस वर्षं मुलांना शून्य त्रुटी बघायला लावली, तिने!

पुन्हा इंजेक्शनं झाली. सूज उतरली, या वेळी खरोखर. पण सगळी अक्षरं परत आली नाहीत. दोन महिने आधी कळलं असतं तर ती आली असती का, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मला मात्र तो प्रश्न सुटलेला नाही.

आता यातलं शास्त्र नीट बघू. निरोगी डोळ्यावर ही यंत्रं फार चोख मोजतात, लागोपाठ मोजलं तर फरक अगदी थोडा येतो. रक्तवाहिन्यांच्या आजारात ते का बिघडतं? एक, रोग्याला मधोमध बघायला सांगतात, पण त्याची मधलीच नजर गेलेली असते, त्यामुळे यंत्राचं केंद्र सरकतं. दोन, रक्तस्राव आणि मोतीबिंदू प्रकाश अडवतात. तीन, थर शोधणारा प्रोग्राम असं धरून चालतो की थर एकावर एक नीट रचलेले आहेत, आणि सुजेने तीच रचना मोडलेली असते. चार, शीर तुंबून पडद्याचा रक्तपुरवठाच गेला तर पेशी मरतात आणि पडदा पातळ होतो. तेव्हा आकडा "सुधारतो" आणि नजर जाते.

म्हणून आकडा आणि नजर यांचं नातं आपण समजतो तेवढं घट्ट नाही. मधुमेहाने आलेल्या सुजेवरच्या २००७ च्याच एका अभ्यासात उपचाराआधीची जाडी आणि नजर यांचा सहसंबंध गुणांक ०.५२ निघाला. त्याचा वर्ग करा, साधारण ०.२७. म्हणजे नजरेतल्या फरकापैकी जेमतेम पाव हिस्सा जाडीवरून उलगडतो. उरलेला पाऊण भाग त्या आकड्याच्या बाहेर आहे. आई सांगत होती तो त्यातलाच होता.

आजची यंत्रं खूप पुढे गेली आहेत. ती डोळ्याच्या हालचालीचा माग ठेवतात आणि दर वेळी नेमकी तीच जागा शोधून मोजतात. ओसीटी अँजिओग्राफी आली, जी रंगद्रव्य न टोचता रक्तवाहिन्यांचं जाळं दाखवते. पण ती बघते फक्त हालचाल. रक्त फार हळू वाहत असेल तर ती नळी तिला दिसत नाही, आणि आजारात रक्त हळूच वाहतं. चित्रात काळं दिसलं म्हणजे नळी मेलीच असं नाही. आपल्या छत्तीसगड-विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. त्यात पडद्याचं नुकसान बहुतेक वेळा कडेला सुरू होतं. मधल्या भागाचा चोख फोटो काढला, अचूक मोजला, तरी त्यातून "सगळं ठीक आहे" असं उत्तर येऊ शकतं, कारण बघायची जागाच चुकलेली असते.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. मुंबईत महानगरपालिकेच्या दवाखान्यांत डॉ. सुंदरम नटराजन आणि सहकाऱ्यांनी मधुमेही लोकांच्या पडद्याचे फोटो मोबाइलवर काढून, तिथल्या तिथे इंटरनेटशिवाय प्रोग्रामकडून तपासून घेतले. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरकडे पाठवण्याइतका आजार असलेला प्रत्येक माणूस प्रोग्रामने ओळखला, शंभर टक्के! काम मोलाचं आहे, यात वाद नाही. पण त्याच अभ्यासात लेखकांनी प्रामाणिकपणे दुसरा आकडाही छापला आहे. ही संवेदनशीलता ७८.२ ते १०० टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. कारण तसा आजार असलेली माणसं त्यात जेमतेम पंधरा होती. बातमीत शंभर येतो, कंस गळून पडतो. आईच्या कागदावर १९४ ठळक होता आणि सिग्नल ३ कोपऱ्यात होता, तसंच.

तर मंडळी, घरात कोणाला असा आजार असेल तर इतकं करा. दर वेळी शक्यतो त्याच यंत्रावर तपासणी करा, आणि यंत्र बदललं तर नव्या यंत्राचा पहिला आकडा जुन्यातून वजा करू नका. रिपोर्टवरचा सिग्नलचा आकडा बघा. डॉक्टरांना विचारा, "मूळ चित्र बघितलंत का? रेषा बरोबर आहे का?" यात त्यांचा अपमान नाही, चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो. आणि ज्याचा डोळा आहे त्याला रोज एक डोळा झाकून दुसऱ्याने चार ओळी वाचायला सांगा. तो काय म्हणतो ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा. तेही वाचनच आहे, आणि त्याची त्रुटी आपल्या माणसाइतकी कोणाला ठाऊक नसते.

आई २०१९ मध्ये गेली. शेवटपर्यंत डाव्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचत होती. मधला शब्द अडला की मला हाक मारायची आणि मी वाचून दाखवायची. तो मार्चचा कागद मी फाडला नाही. माझ्या व्हर्निअरच्या डब्यात आहे.

पुढच्या भागात आपण नाडी मोजण्याचा इतिहास बघू. तोवर नमस्कार.